मांडीवर हात ठेवून बसणाऱ्या बाई

रेमेदिओस बार्राझा यांना अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात त्या नावानं कोणी ओळखत नाही. नवरा रेमे म्हणतो आणि उरलेलं खोरं ‘बाई’ म्हणतं. गोदामात पट्ट्यावरून सरकणारी सफरचंदं निवडणाऱ्या बायका, द्राक्षाच्या वेली छाटणाऱ्या बायका, गोठ्यात वासरांना बाटलीनं दूध पाजणाऱ्या बायका, सगळ्यांच्या त्या बाई. आता बाई म्हटलं की शाळा आली, फळा आला, निदान एखादी खुर्ची तरी आली. रेमेबाईंकडे यातलं काहीच नाही. एक जुनी गाडी आहे, खेळण्यांनी फुगलेली एक कापडी पिशवी आहे आणि दोन गुडघे आहेत. त्यातला उजवा गेल्या हिवाळ्यापासून त्यांचं ऐकेनासा झाला आहे.

काम एका संस्थेचं आणि ते असं, की तीन वर्षांच्या आतलं मूल असलेल्या घरी आठवड्यातून एकदा जायचं. पिशवीतून एखादं खेळणं किंवा चित्रांचं पुस्तक काढायचं, ते आईच्या हातात द्यायचं आणि मग गप्प बसायचं. हो, गप्प. खरी मेख इथेच आहे. मुलाला बाईंनी शिकवायचं नाही, खेळण्याला हातसुद्धा लावायचा नाही. आईनं मुलाशी खेळायचं, बोलायचं. बाईंनी जमिनीवर मांडी घालून, मांडीवर हात ठेवून बघत राहायचं. आईचं काही चांगलं जमलं तर तेवढं बोलून दाखवायचं. बाई एक दिवस जाणार, आई मात्र जन्मभर राहणार, असा त्यामागचा विचार.

हा विचार संस्थेतल्या सगळ्यांना पटलेला आहे. खोऱ्यातल्या एकाही आईला तो पटलेला नाही. बाई घरी येतात त्या शिकवायला येतात, नाहीतर एवढं पेट्रोल जाळून कशाला येतील? त्यांच्यासमोर आपण पोराला शिकवायचं म्हणजे आचाऱ्याला स्वयंपाकाला बोलावून स्वयंपाकघरात आपणच पळी फिरवायची! म्हणून पहिल्या भेटीला सगळीकडे एकच देखावा असतो. मूल आंघोळ घालून, केस चापूनचोपून, चर्चला घालायचे बूट चढवून टेबलापाशी बसवलेलं. टेलिव्हिजनवर फडका मारलेला. आणि आई? आई स्वयंपाकघरात गायब. ‘तुमचं चालू द्या बाई, मी मध्ये येत नाही,’ असं आतून ओरडून सांगणार आणि तासाभरानं जेवायचं ताट घेऊनच उगवणार.

ते ताट नाकारायची सोय नाही. सकाळी दहाच्या घरी बीन्स आणि टॉर्टिया, साडेअकराच्या घरी डुकराच्या मांसाचं सूप, एकच्या घरी ‘अगदी थोडंसं’ म्हणून मक्याच्या पिठाचे, पानात उकडलेले तीन टमाले. संस्थेच्या प्रशिक्षणात मुलाच्या मेंदूची वाढ दोन दिवस शिकवली होती. बाईंच्या पोटाचं काय, हा विषय कोणी घेतला नव्हता.

तर अशी एकोणीस वर्षं गेली. आता जूनमध्ये थांबायचं असं बाईंनी ठरवलं होतं. नवरा चेंते तर रोज सकाळी कॉफी ढवळताना विचारायचा, ‘जून किती लांब आहे गं?’ बाई म्हणायच्या, ‘तुझ्या खोकल्याचं औषध संपेल तेव्हा.’ त्याचा खोकला आणि त्यांचा गुडघा यांची आपसात चढाओढ होती. दोघंही रात्री झोपू देत नसत.

पण गुडघ्यापेक्षा जास्त दमवणारी एक गोष्ट होती. ती म्हणजे कोमाद्रे.

पोराच्या बाप्तिस्म्याला, नाहीतर कुठल्याशा चर्चच्या विधीला, एखादी बाई पोराची धर्मआई म्हणून उभी राहते. त्या दिवसापासून ती पोराच्या आईची कोमाद्रे होते. ही बहीण नव्हे, जाऊ नव्हे, विहीण नव्हे, पण या सगळ्यांचे हक्क तिला एकदम लागू होतात. लग्नात तिला पुढच्या रांगेत बसायला मिळतं आणि भांडणात तिला मध्ये पडावं लागतं. पहिल्या काही वर्षांत रेमेबाईंना ज्या ज्या आईनं विचारलं तिला त्यांनी हो म्हटलं. भिडस्त स्वभाव, दुसरं काय. पाहता पाहता रविवार संपले. या रविवारी हिच्या पोराचा बाप्तिस्मा, पुढच्या रविवारी तिच्या पोरीचा पंधरावा वाढदिवस, त्यानंतर कुणाचा तरी नवरा घर सोडून गेला म्हणून कोमाद्रेनं येऊन त्याच्या आईला चार शब्द सुनावायचे. चेंते म्हणायचा, ‘पोपला तरी रविवारी चर्चमधून सुट्टी मिळत असेल.’

शेवटी बाई एका वस्तीत एकाच घराला धर्मआई झाल्या आणि शेजारच्या घराला नाही, यावरून दोन बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या, तेव्हा संस्थेनं नियम काढला. ज्या घरी भेटीला जाता त्या घराशी धर्मनातं जोडायचं नाही. नियमात कोणाचं नाव नव्हतं, पण खोऱ्यात सगळे त्याला बाईंचा नियम म्हणत. बाईंना कसला आनंद झाला! वरून त्या हळहळायच्या, ‘काय करणार, वरून आलंय,’ आणि गाडीत बसल्यावर सुटकेचा श्वास सोडायच्या. त्या नियमामागे त्या गेली कित्येक वर्षं सुखानं दडून बसल्या होत्या.

तिथून त्यांना बाहेर ओढलं एउफेमियानं.

एउफेमिया मेक्सिकोतल्या मिचोआकानमधल्या एका डोंगरी खेड्यातली. वय सव्वीस. नवरा नाबोर डेअरीत गायी पिळायच्या यंत्रावर पहाटेची पाळी करायचा, आणि ती घरापाठच्या पत्र्याखाली वासरं सांभाळायची. घर म्हणजे डेअरीच्या मालकानं दिलेला ट्रेलर, लांबुळका पत्र्याचा डबा. तो अशा रस्त्यावर होता की जिथे पोस्टमन आणि दुधाचा टँकर यांच्याशिवाय कोणी फिरकत नव्हतं. तिला गाडी चालवता येत नव्हती. येत असती तरी कुठे जाणार? तिच्या ओळखीचं या देशात एकच माणूस होतं, ते दर बुधवारी दुपारी कापडी पिशवी घेऊन यायचं.

आणि मुलगी सित्लाली. बाईंना आधी तिचे डोळेच दिसले होते, कारण उरलेली सगळी ती आईच्या झग्यामागे होती. दीड वर्ष झालं, पोरगी बाईंसमोर एक शब्द बोलली नाही. मान हलवायची, बोट दाखवायची, हसायची. तोंड मात्र मिटलेलं.

‘घरात नुसती पोपटासारखी बोलते हो बाई,’ एउफेमिया सांगायची.

हे बाईंना प्रत्येक आई सांगते. त्या म्हणायच्या, ‘तू तिला विचार की काही. विचारून थांब जरा.’

एउफेमिया विचारायची, ‘ही कोण? कोंबडी ना? कोंबडीच आहे. कोंबडी कशी करते? कुक्कुक करते. बघा बाई, तिला सगळं येतं.’ प्रश्न तिचा, उत्तर तिचं, शाबासकीही तिचीच. पोरीला संधी कधी मिळणार? बाई मांडीवरचे हात घट्ट दाबून धरायच्या, नाहीतर तिच्या तोंडावर ठेवले असते.

मार्चमध्ये सित्लाली तीन वर्षांची होणार होती. तीन झाले की भेटी बंद. शाळेची बस मोठ्या रस्त्यापर्यंतच येते, आणि तीही चारच्या पुढच्या मुलांसाठी. मधलं एक वर्ष त्या डब्यात आई, लेक आणि वासरं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी एउफेमियानं आतोलेचा कप बाईंच्या हातात दिला. मक्याच्या पिठाची ती गोड पेज ती फार सुरेख करायची. कप दिला आणि तिथेच उभी राहिली.

‘बाई, एक विचारायचंय.’

एकोणीस वर्षांच्या अनुभवानं बाईंच्या अंगावर काटा आला. हा सूर त्यांना पाठ होता.

‘सित्लाली तीनची झाली की तिला चर्चमध्ये न्यायचंय. आमच्याकडे नेतात, पांढरा झगा घालून, देवापुढे उभी करतात. तिची धर्मआई तुम्ही व्हा.’

‘अगं, झाले असते गं मी,’ बाईंनी हुकमी हळहळ काढली, ‘पण नियम आहे ना वरून.’

‘मला माहितीये. म्हणून तर वाढदिवसानंतरचा रविवार धरलाय.’

‘म्हणजे?’

‘वाढदिवस शुक्रवारी. शुक्रवारी तुमच्या भेटी संपतात. मग रविवारी आम्ही तुमचं घर नाहीच! नियम कसा लागेल?’

हा नियम निघून इतकी वर्षं झाली, त्यातली ही फट आजवर कोणाला दिसली नव्हती, अगदी संस्थेच्या वकिलालासुद्धा. दिसली कोणाला, तर वासरांना दूध पाजणाऱ्या या पोरीला. ती चेहऱ्यावर काही न दाखवता उभी होती, पण झग्याचं टोक मुठीत धरलेलं होतं. आई आणि लेक, दोघींची तीच सवय.

‘तुम्ही येईनाशा झालात तर ही बोलायचीच नाही बाई. मला नाही जमत एकटीला. तुम्ही असलात की जमतं. कोमाद्रे झालात म्हणजे तुम्हाला यावंच लागेल.’

‘पुढच्या बुधवारी सांगते,’ बाई म्हणाल्या आणि कप तसाच ठेवून उठायला गेल्या. उजव्या गुडघ्यानं नकार दिला. एउफेमियानं हात देऊन उठवलं.

घरी चेंतेनं ऐकलं आणि टेलिव्हिजनचा आवाज बारीक केला. म्हणजे गोष्ट गंभीर होती.

‘नाही म्हणायचं.’

‘म्हणणारच आहे.’

‘तू? तू तर विमा विकायला आलेल्या पोरालासुद्धा जेवायला घातलंस.’

‘त्याला भूक लागली होती.’

‘आणि विमाही घेतलास!’ खोकल्याची उबळ आवरून तो म्हणाला, ‘रेमे, जूननंतर आपण काय ठरवलंय? रविवारी दुपारी झोपायचं. बस्स. मी आयुष्यात दुसरं काही मागितलंय?’

मागितलं नव्हतं, हे खरं. बाईंनी आठवडाभर गाडी चालवताना नकाराची तालीम केली. ‘एउफेमिया, तुला माझी गरज नाही.’ छे, हे तिला खोटंच वाटणार, कारण ते खोटंच होतं. ‘एउफेमिया, माझी तब्येत.’ मग ती रोज औषधी काढा पाठवणार. ‘एउफेमिया, मी दमले गं.’ हे खरं होतं, पण जी पहाटे चारला उठून वासरांना पाजते तिच्यापुढे दमल्याची भाषा कोणत्या तोंडानं करायची?

बुधवार उजाडला तो धुक्यात. चेंते रात्रभर खोकला होता. बाईंनी दोन घरं उरकली, दोन्हीकडे जेवल्या, आणि तिसरं घर म्हणून एउफेमियाच्या ट्रेलरपाशी गाडी लावली तेव्हा स्टिअरिंगवर डोकं टेकून जरा बसल्या. आत गेल्या तर शेगडी चालू, काचांवर वाफ धरलेली, पेजेचा गोड वास, आणि घर आईच्या कुशीसारखं उबदार.

‘आज खाली नका बसू बाई, सोफ्यावर बसा. पाय बघा कसे सुजलेत.’

सोफ्यावर बसणं नियमात बसत नव्हतं. मुलाच्या उंचीवर बसायचं असतं. पण बाईंनी वाद घातला नाही. टेकल्या. पिशवीतून कोंबडीचं पुस्तक आणि एक रिकामं खोकं काढून एउफेमियाला दिलं. पिल्लं हरवतात, कोंबडी शोधत फिरते, एवढीच गोष्ट. ती आईनं सांगायची आणि पोरीनं खोक्याचं खुराडं करायचं. बाईंनी मांडीवर हात ठेवले. मनात पहिलं वाक्य जुळवलं. आज सुरुवातीलाच सांगून टाकायचं.

‘एउफेमिया,’ त्या म्हणाल्या.

यापुढे काय म्हणाल्या ते त्यांना आजही ठाऊक नाही, कारण त्या झोपल्या.

साध्या पेंगल्या नाहीत, झोपल्याच. मान मागे, तोंड उघडं. अशा झोपेला स्वप्नंसुद्धा पडत नाहीत. एकोणीस वर्षांत कोणाच्या घरी पाठ टेकली नव्हती, ती सगळी बाकी त्या सोफ्यानं वसूल केली.

जाग आली ती आवाजानं नव्हे, शांततेनं. म्हणजे असं, की कोणीतरी काहीतरी विचारलं होतं आणि आता कोणीच बोलत नव्हतं. बाईंचे डोळे मिटलेलेच होते. अंगावर कसलंसं जाड पांघरूण होतं. मी कुठे आहे, हे आधी कळलं. मी काय करून बसले, हे त्यापाठोपाठ कळलं आणि त्या उठणार तोच एक आवाज आला. बारीक, घोगरा, आजवर कधी न ऐकलेला.

‘टँकरच्या मागे गेलं.’

‘टँकरच्या मागे? कशाला?’ ही एउफेमिया. कुजबुजत.

पुन्हा शांतता. बाईंच्या सगळ्या अंगाचे कान झाले. आता ही उत्तर सांगणार. आता म्हणणार, लपायला गेलं ना? लपायलाच गेलं. नेहमी तेच करते. सांग, टाक सांगून.

एउफेमियानं सांगितलं नाही. ती थांबली. शेगडीवर भांडं खदखदलं, बाहेर एक गाय हंबरली, तरी ती थांबली.

‘त्याला दूध पायजे होतं,’ घोगरा आवाज म्हणाला. ‘पण ते पिल्लू आहे ना, त्याला बाटली धरता येत नाही. मग बाबा आला. मग बाबानं पिल्लाला वासराच्या घरात ठेवलं. आणि कोंबडी रडली नाही.’

‘का नाही रडली?’

थांबणं. लांबच लांब.

‘तिला माहीत होतं बाबा आहे.’

बाईंनी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर पोरगी झग्यामागे गेली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नाकाला खाज सुटली होती, गुडघा वाकून वाकून दगड झाला होता, पण त्या निपचित पडून राहिल्या, मांडीवरचे हात न हलवता. मध्ये एकदा खात्री पटावी म्हणून त्या किंचित घोरल्याही.

‘हळू बोल, बाई झोपल्यात,’ एउफेमिया म्हणाली.

‘बाईंना घर नाही?’

‘आहे. लांब आहे.’

‘मग इथे झोपू दे,’ सित्लालीनं परवानगी दिली.

नंतर त्या दोघींनी खोक्याचं खुराडं केलं, भेट संपताना म्हणायचं गाणं कुजबुजत म्हटलं, खेळणी पिशवीत भरली. सगळं रीतसर, एकही पायरी न चुकता. पोरगी मागच्या दारानं वासरांकडे पळाली तेव्हा बाईंनी हळूच एक डोळा उघडला.

एउफेमिया समोरच स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होती.

‘कधीपासून जाग्या आहात?’

‘टँकरपासून.’

‘मला वाटलंच. घोरणं खोटं होतं ते. आधीचं खरं होतं. आधीचं म्हणजे, बाई, वासरंसुद्धा ओरडायची थांबली हो!’

बाई ओशाळून उठून बसल्या. कानशिलं गरम झाली होती. पायांकडे पाहिलं, तर बूट काढलेले. सोफ्यापाशी एउफेमियाच्या लोकरी सपाता ठेवलेल्या. त्यांनी पाय त्यात सरकवले, कारण फरशी गार होती.

‘ऐकलं मी,’ त्या म्हणाल्या. ‘तू थांबलीस. इतकी थांबलीस की मीच बोलले असते.’

‘तुम्ही झोपला होतात ना. मग मला वाटलं, आता माझी परीक्षा नाही. कोणाला दाखवायचंय पोरीला किती येतं ते?’

बाईंना वाटलं, एकोणीस वर्षं आपण मांडीवर हात ठेवून बसलो, डोळेही मिटायला हवे होते. त्यांनी हे बोलून दाखवलं नाही. आठवडाभर घासून ठेवलेलं वाक्य आता कुठे खरं झालं होतं, म्हणून ते बाहेर काढलं.

‘एउफेमिया, तुला माझी गरज नाही. तूच ऐकलंस ना आज? तुला बाई कशाला हव्यात?’

‘नकोतच.’

‘काय?’

‘बाई नकोतच मला. मागच्या बुधवारी वाटत होतं हव्यात, आज कळलं नकोत.’ एउफेमियानं पांघरुणाची घडी घालायला घेतली. ‘दीड वर्ष झालं तुम्ही येताय. मी आदल्या दिवसापासून घर पुसते. तुम्ही बसता अशा ताठ, जेवता तेवढं, पेज निम्मी ठेवता. आज पहिल्यांदा माझ्या घरात कोणीतरी येऊन झोपलं. आईच्या घरून निघाले त्यानंतर पहिल्यांदा. अशी कोणी यायला हवी आहे मला. शिकवायला नको.’

नकाराच्या तालमीत हे वाक्य कुठेच नव्हतं. एउफेमियानं घडी छातीशी धरली होती आणि ती थांबली होती. प्रश्न विचारून कसं थांबायचं ते आजच शिकली होती आणि लगेच बाईंवर चालवून बघत होती.

‘मी खाली बसणार नाही हं आता,’ बाई शेवटी म्हणाल्या.

‘खाली कोण बसा म्हणतंय?’

‘आणि रविवारी दुपारी माझा नवरा झोपतो.’

‘त्यांनाही आणा. सोफा उघडला की पलंग होतो.’

बाईंनी हो म्हटलं की नाही, हे त्या दोघींतल्या कोणीच नीट सांगू शकणार नाही. त्यांनी कप उचलला आणि थंड झालेली पेज तळापर्यंत प्यायल्या. मग पिशवी घेतली, दार ढकललं आणि धुक्यात गाडीकडे गेल्या. मागच्या बाजूनं घोगऱ्या आवाजात कोणीतरी वासराला रागावत होतं.

घरी चेंतेनं दार उघडलं आणि चेहरा बघून विचारलं, ‘सांगितलंस ना नाही म्हणून?’

‘सांगणार होते. झोप लागली.’

‘झोप? कुठे?’

‘तिच्या सोफ्यावर.’

चेंतेनं त्यांच्याकडे खालपर्यंत पाहिलं आणि नजर पायांवर अडकली. लाल लोकरीच्या सपाता, बोटांवर पिवळी फुलं, एक फूल उसवलेलं.

‘आणि हे?’

बाईंनीही पाहिलं. बूट तिथेच राहिले होते, शेगडीजवळ. एउफेमियानं वाळायला ठेवले असणार.

‘आणायला जावं लागेल,’ त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

चेंते खोकत खोकत आतल्या खोलीत गेला. कपाटाचं दार वाजलं आणि थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, ‘रेमे, माझ्या काळ्या कोटाला बटण आहे का गं, की मागच्या बाप्तिस्म्यातच गेलं?’